विहीणबाई, पिल्लू आणलं

विहीणबाई, पिल्लू आणलं. रडण्याआधी ही बातमी तुम्हाला सांगायची होती. गेले पंधरा दिवस तुमच्याबद्दल जो बोलतो तो डोळ्याला पदर लावूनच बोलतोय, आणि तुम्हाला रडकं बोलणं मुळात सोसायचं नाही. आत्ता मी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसलेय. मांडीवर लिहायचं पॅड आहे आणि दर दोन ओळींनी मला उठावं लागतंय. कुठलं पिल्लू आणलं ते लगेच विचारू नका, क्रमाने सांगू द्या. फोनवर तुम्ही मला कधीच क्रमाने सांगू दिलं नाहीत, मध्येच म्हणायच्या, आधी शेवट सांगा. आज तुम्हाला मध्ये बोलता येत नाही, त्याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

लोकांना माझं नवल वाटतं. विहीण गेली म्हणून विहिणीने इतकं हळवं व्हावं, असं आपल्यात कुठे असतं? विहीण म्हणजे मानपान, रुसवेफुगवे, आहेराच्या साडीचा पोत दोन बोटांत धरून बघणं. आपणही सुरुवात तशीच केली होती. नव्याण्णव साली आम्ही तुमच्या स्वातीला बघायला वटारला आलो, मी, आमचे हे आणि मंदार. साताऱ्याकडची माणसं आम्ही. विरारला फ्लॅट घेऊन सात-आठ वर्षं झाली होती, तरी आगाशीच्या पुढे कधी गेलो नव्हतो. रिक्षा केळीच्या वाड्यांमधून वळणं घेत चालली तेव्हा हे म्हणाले, इथे एवढा गारवा आहे आणि आपण तिकडे टँकरची वाट बघत बसतो. जणू ते तुम्ही ऐकलंच होतं. चहाचे कप हातात दिल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "तुमच्या बिल्डिंगींनी आमच्या विहिरींचं पानी नेलं. आता मुलगी पन नेताय."

आमच्या ह्यांचा चहा घशातच अडकला. मग तुम्ही हसलात, आणि आपणही हसावं की नाही हे आम्ही ठरवतोय तोवर मागच्या दारातून पाच पिल्लं पडवीत घुसली. लहानपणी कुत्रं चावून पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेली बाई मी. दोन्ही पाय खुर्चीवर घेतले, निऱ्या गोळा केल्या आणि तशाच अवस्थेत आमच्या फ्लॅटचं वर्णन करत राहिले. हॉल केवढा, साठवणीची टाकी किती मोठी, स्टेशन किती जवळ. तुम्ही हूं हूं करत होतात, पण नजर भलतीकडेच होती. मला वाटलं, बाई शिष्ट आहे.

एका पिल्लाने मंदारच्या नव्या बुटावर कार्यक्रम उरकला. त्याने पाय झटकला नाही. दुसऱ्याला त्याने आधी हात हुंगू दिला, मग उचललं, पोट खाजवलं, आणि पोहे आले तेव्हा उठून ते पिल्लू मागच्या दारी त्याच्या आईपाशी नेऊन ठेवलं. हे सगळं मी पाहिलं होतं, पण माझ्या लेखी ते वेळ काढणं होतं. चार दिवसांनी तुमचा होकार आला आणि मी सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले, की माणसांना आपला फ्लॅट आवडला.

खरं कारण तुम्ही मला लग्नाला वर्ष उलटल्यावर सांगितलंत, तेही केळी सोलता सोलता. "पिल्लू जिथनं उचललं तिथं परत नेऊन ठेवलं त्यानं. म्हटलं, हा माझ्या मुलीला माहेरी धाडील." मी दोन दिवस धुसफुसत होते. माझ्या इंजिनिअर मुलाची परीक्षा कुत्र्याच्या मुतावर! ह्यांना सांगितलं तर ते इतके हसले, की मलाही हसावं लागलं. आणि एकही दिवाळी अशी गेली नाही, की मंदार स्वातीला घेऊन तुमच्या दारात आला नाही. हे मी तुमच्या तोंडावर कधी कबूल केलं नसतं.

तुमच्या गावात पिल्लू निवडायची रीत ठरलेली होती. तोंड उघडून टाळा काळा आहे का बघायचा आणि मग पायांची नखं मोजायची. वीस भरली की विसनखी, म्हणजे घबाडच. तुमच्या अंगणात बाप्ये गंभीर चेहऱ्याने नखं मोजत बसायचे आणि तुम्ही मोगऱ्याचे कळे खुडता खुडता म्हणायच्या, टाळा काय राखन करतो? आमच्या बिल्डिंगीत तर त्याहून वेगळीच तऱ्हा. त्या वर्षांत विरारच्या नव्या इमारतींमध्ये टीव्ही आणि सोफ्यानंतर पामेरियन यायचा. पांढरा हवा, केसाळ हवा, पडद्याला शोभला पाहिजे. आमच्या शेजारच्या कामतबाई पिल्लू बघायला निघाल्या तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आमच्या विहीणबाईंना त्यातलं कळतं, त्यांना बरोबर घेऊ.

काय मजा आणलीत तुम्ही त्या दिवशी! त्या पिल्लंवाल्यांच्या हॉलमध्ये आपण सरबत पीत बसलो होतो. तुम्ही रिकामा स्टीलचा पेला मुद्दाम फरशीवर टाकलात. घरमालक दचकले, कामतबाई दचकल्या, मी तर किंचाळले. तुम्ही शांतपणे पिल्लांकडे बघत होतात. एक सोफ्याखाली पळालं ते बाहेर आलंच नाही. एक देखणा पांढराशुभ्र पेल्यावर धावून गेला आणि त्यालाच चावायला लागला. एक मळकट, एक कान पडलेलं, दचकून मागे सरकलं, थांबलं, आणि मग पेला हुंगायला पुढे आलं. तुम्ही त्याला मांडीवर उताणं केलंत, छातीवर तळवा ठेवलात. ते आधी वळवळलं, मग सैल पडलं आणि तुमच्या तोंडाकडे बघायला लागलं. "हा घ्या," तुम्ही म्हणालात. "घाबरतो, पन घाबरून राहत नाय."

कामतबाईंनी अर्थातच पांढराशुभ्र घेतला. त्याने पुढे गॅस सिलिंडरवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या पोटऱ्यांचा समाचार घेतला. मी मात्र त्या दिवसापासून खुळावले. कुत्र्याला हात लावायची माझी छाती नव्हती, पण लांबून बघण्याचा नाद असा लागला, की तुमची कुत्री, काळी, व्याली की मी आठवड्याच्या आत वटारला हजर. पिल्लांची जात एक, आई एक, तरी एक धीट, एक रडवं, एक लबाड, एक साधू. शितावरून भाताची परीक्षा होते, पण ह्या भातात प्रत्येक शीत निराळं. तुम्ही एकेकाला घरच्यांपासून लांब, विहिरीपलीकडे नेऊन ठेवायच्या आणि पाठ फिरवून चालायला लागायच्या. कोण मागे येतं, कोण तिथेच बसून टाहो फोडतं, कोण भलत्याच दिशेला निघतं, हे बघताना मी खुर्चीच्या अगदी कडेला यायचे. क्रिकेटची मॅच बघताना आमचे हे असे बसायचे.

आणि घरं नेमून द्यायच्या तुम्ही. म्हातारा-म्हातारी असलेल्या घरात हे द्या, वाडीच्या टोकाला एकटं घर आहे त्यांना ते द्या, ह्या माणसाचा आवाज मोठा आहे, त्याला रडवं देऊ नका. पिल्लाला बघायच्या त्याच्या दुप्पट वेळ तुम्ही ते घेणाऱ्या माणसाला बघायच्या. चुकायच्याही, बरं का. आगाशीच्या त्या किराणा दुकानदाराला राखणीसाठी म्हणून जो कुत्रा निवडून दिलात, तो मांजर आलं की गुळाच्या ढेपेमागे लपायचा. मी ते नाव काढलं की तुम्हाला अचानक दुधाची आठवण व्हायची आणि तुम्ही आत जायच्या.

आपलं मुख्य भांडण मात्र वेगळंच होतं. तुमचं म्हणणं, स्वभाव मुळातच येतो, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. माझं म्हणणं, वळण लावाल तसं लागतं. टेलिफोनच्या ऑफिसात तीस वर्षं मुली हाताखाली शिकवल्या होत्या मी. गेंगाण्या आवाजाची पोर सहा महिन्यांत गोड बोलायला लागायची. दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की फोन व्हायचा, आणि कुठूनही सुरुवात झाली तरी गाडी तिथेच यायची. एकदा मी चिडून म्हटलं, मंदार जर मुळातच चांगला, तर मी एवढी वर्षं काय केलं? नुसता डबा भरला? तुम्ही म्हणालात, "तुम्ही त्याला बिघडवला नाय. ते काय कमी आहे?" ह्यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेपर्यंत तुम्ही थांबायला हवं होतं.

हे गेले, त्याच्या आधीच मंदारची बदली पुण्याला झाली होती. पोरं म्हणाली, आई, तिकडे चला. मी नाही म्हटलं. ह्यांच्या हाताने लावलेले खिळे ज्या भिंतींना आहेत, त्या सोडून मी कुठे जाऊ? तुम्ही मला चला म्हणाला नाहीत आणि धीर धरा असंही म्हणाला नाहीत. केळीचा फणा घेऊन आलात, ह्यांच्या खुर्चीत बसलात, जी खुर्ची सगळे टाळत होते. फणा संपेपर्यंत राहिलात. जाताना दारात चपला घालता घालता म्हणालात, तुम्हाला कुत्रं पायजे. मी म्हटलं, वेड लागलंय का? तुम्ही म्हणालात, काळी व्यायची आहे अजून, विचार करायला वेळ आहे.

मी खरंच विचार करत राहिले, वर्षभर. भीती होती. अजूनही रस्त्यावर कुत्रं दिसलं की माझा हात आपोआप पोटावर जातो. त्यातून तिसरा मजला, लिफ्ट नाही, साठी उलटलेली मी. आणि तुमचा तो एक नियम छातीवर बसलेला. पिल्लू एकदा घरी नेलं की परत आणायचं नाही. परत आलेलं पिल्लू कुनाचंच राहत नाय, असं तुम्ही नखं मोजणाऱ्या बाप्यांना बजावायच्या, आणि ज्याने परत आणलं त्याला पुन्हा पिल्लू द्यायच्या नाहीत. म्हणजे मला एकच संधी. चुकलं तर एका जिवाचं वाटोळं माझ्या हातून होणार, आणि मी पुन्हा कधी हे धाडस करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

यंदा काळीला चार पिल्लं झाली. दोन आधीच बोलून ठेवलेली होती. उरली दोन. पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला ठिपक्या आणि तांबड्या रंगाची तांबू. मी आले तेव्हा तुम्ही पायरीवर बसून होतात. धाप लागत होती, पण विचारलं की हात उडवत होतात. मीही फार विचारलं नाही. माझं लक्ष पिल्लांकडे लागलेलं.

ठिपक्याने मला खाली बसूही दिलं नाही. आल्या आल्या पट्टा धरून माझी पर्स अंगणभर फरफटत नेली. चष्म्याचं घर, किल्ल्या, रुमाल, सगळं सांडलं, आणि बडीशेपेची डबी तोंडात धरून हा पठ्ठ्या मोगऱ्याच्या वाफ्यात. आणि त्याच्या मागे मी! चपला हातात घेऊन, पदर खोचून, अहो मी, कुत्र्याच्या मागे धावत होते. डबी मिळाली तेव्हा माझ्या बरगडीत कळ येत होती, हसून. तुम्ही पायरीवरून बघत होतात. मी तिथूनच ओरडले, हाच माझा.

तुम्ही म्हणालात, नाय. तांबू. मग आपली जुंपली ती जेवणाची पानं वाढेपर्यंत. ठिपक्या उताणा राहत नाही, झाकण पडलं तर झाकणाशी भांडतो, तुम्हाला जिन्यात ओढून पाडील, हात मोडून घ्याल. तांबू बघा, पायाशी बसेल. मी म्हटलं, मला पायाशी बसणारं कुणी नको आहे. तुम्ही म्हणालात, पहिला धावत येतो तो तुमच्याकडे येत नसतो, तो सगळ्यांकडेच जातो. हे मात्र मला लागलं. निघताना मी रिक्षात बसून म्हटलं, रविवारी येते, तोपर्यंत विचार बदला. तुम्ही फाटकाला टेकून म्हणालात, मी कशाला बदलू, तुम्ही बदला.

आपलं शेवटचं बोलणं हे. शुक्रवारी सकाळी पुण्याहून स्वातीचा फोन आला. सासूला आई म्हणायची सवय असलेली पोर, "आई, आई" एवढंच म्हणत राहिली, आणि ती मला हाक मारतेय की तुमच्याबद्दल सांगतेय, हे कळायला मला वेळ लागला. दिवसकार्याचं मी इथे काही लिहीत नाही. रीतीने सगळं झालं. वाडीत खूप माणसं आली, जेवणाला पानं तुमच्याच केळींची पुरली, आणि प्रत्येक दुसऱ्या माणसाच्या घरी तुम्ही दिलेलं कुत्रं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं. मंदार-स्वाती सामान आवरत होते, तुमचे यजमान, भाऊ, पडवीत भिंतीला टेकून बसले होते. ते आधीच मितभाषी, आता तर त्यांनी पाणीसुद्धा खुणेने मागायला सुरुवात केली होती. दोन पिल्लं अंगणात. मी उठले आणि आतून एक झाकण घेऊन आले. स्वाती म्हणाली, आई, काय करताय? मी म्हटलं, तुझ्या आईचं काम.

विहीणबाई, झाकण बाजूला ठेवलं. मी मांडी घालून अंगणात बसले. ठिपक्याला उताणा केला. असला तडफडला, असला तडफडला, की माझ्या अंगठ्यात दात रुतले. तरी मी तळवा काढला नाही. माझ्या हाताखाली ते एवढंसं काळीज धडधडत होतं आणि मला एकदाही पोटातल्या सुयांची आठवण झाली नाही. मग तांबू. आधी वळवळ, मग सैल, मग डोळे थेट माझ्या डोळ्यांत. झाकण टाकलं. ठिपक्याने झाकणावर हल्ला चढवला. तांबू दचकली, थांबली, पुढे आली, हुंगून गेली. विहिरीपलीकडे नेऊन ठेवली तर पाठोपाठ आली, न रडता. ठिपक्या कुठल्या कुठे निघून गेला, त्याला शेवग्याखालून धरून आणावा लागला. तुमचं शब्द न् शब्द खरं होतं! मला इतका आनंद झाला, की क्षणभर मी तुम्हाला हाक मारायला वळले.

मग पडवीत गेले आणि भाऊंना म्हटलं, त्यांचंच बरोबर होतं, मी तांबूला नेते. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून. मला वाटलं, त्यांना तांबू ठेवायची असेल. मग ते तेरा दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं एवढं बोलले. "तुम्ही गेलात तशी ती मला बोलली, विहीनबाईंचं खरं आहे. मी पिल्लांची परीक्षा घेतली, त्यांची घ्यायची राहिली. त्यांचे यजमान गेल्यापासनं आज त्या हसल्या. गप्प घराला गप्प कुत्रं देऊन काय करू? ठिपक्याच द्यायचा. रविवारी आल्या की सांगते, मी हरले म्हनून."

मी खालीच बसले. स्वाती आत रडायला लागली होती आणि मला मात्र, खोटं कशाला सांगू, आधी हसू आलं. बघा ना काय अवस्था! सात वर्षं आपण भांडलो, एकदाही कुणी माघार घेतली नाही, आणि आता दोघींनी एकदमच घेतली. आता तांबूच्या बाजूने मी आणि ठिपक्याच्या बाजूने तुम्ही. म्हणजे भांडण होतं तिथेच होतं, फक्त बाजू बदलल्या होत्या. मग रडू आलं ते थांबेना. तुम्ही हरले म्हणणार होतात. तुमच्या तोंडचं ते एक वाक्य ऐकायला मी पायी वटारला आले असते.

कुठलं न्यायचं, ते पुन्हा माझ्यावर आलं. तुमच्या रीतीने बघितलं तर तांबू. डोकंही तेच सांगत होतं. भाऊंच्या पायाशी ती जाऊन बसली होती आणि त्यांचा हात आपसूक तिच्या मानेवर गेला होता, तेही मी पाहिलं. पण त्यावरून मी ठरवलं नाही. मी ठरवलं ते असं, की तुम्ही इतक्या लोकांना पिल्लं दिलीत आणि प्रत्येक वेळी घेणाऱ्या माणसाला नीट पाहिलंत. मला तुम्ही शेवटी पाहिलंत. हे गेल्यानंतर मला इतकं नीट कुणीच पाहिलं नव्हतं, मी स्वतःही नाही. ते नाकारून मी शहाणपणा कसला करणार होते?

ठिपक्याला घेऊन निघाले तेव्हा मंदार-स्वाती बोलायला माझ्या बाजूने, पण दोघांच्याही चेहऱ्यावर काळजी. भाऊंनी त्याला टोपलीत घातलं, वर तुमचं जुनं पातळ पांघरलं, आणि फाटकापर्यंत आले. रिक्षात त्याने पातळातून डोकं काढलं आणि वटारपासून आगाशीच्या बाजारापर्यंत तो येणाऱ्या प्रत्येक सायकलवर भुंकला. बाजारात वाहनांची कोंडी होती. तिथे त्याने टोपली उलटी केली. रिक्षावाला म्हणाला, मावशी, लई खट्याळ आहे, कशाला नेताय? मी म्हटलं, तू पुढे बघ.

जिन्यावर तुमचं भाकीत खरं झालं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने दोरीला असा हिसका दिला, की मी कठड्याला धरून उभी राहिले. पडले नाही. वर आल्यावर त्याने घर बघायला सुरुवात केली. पायपुसणं फाडलं. ह्यांच्या खुर्चीच्या पायावर कार्यक्रम उरकला. देवघराच्या दारात बसून समईकडे भुंकला. कांद्याच्या टोपलीत शिरला आणि कांदे घरभर. मी मागे धावतेय, ओरडतेय, "अरे मेल्या, ते सोड, सोड म्हणते ना, ऐकायला येत नाही का तुला?" तो थांबून भुंकतो, मी उलट बोलते, तो परत भुंकतो. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. माझा घसा बसायला आला होता.

तेवढ्यात बेल वाजली. कामतबाई दारात, हातात डाळीची वाटी. दार बंद असलं तरी आमच्या घरातला आवाज त्यांच्या स्वयंपाकघरात जातो. वर्षभर तसा काही आवाज गेला नव्हता. त्या माझ्या विस्कटलेल्या केसांकडे आणि खोचलेल्या पदराकडे बघत राहिल्या. मग आत डोकावून हळूच विचारलं, "पाहुणे आलेत का हो? केव्हाचं बोलणं ऐकू येतंय."

मी म्हटलं, "पाहुणे नाहीत, घरचाच आहे. आमच्या विहीणबाईंनी निवडून दिलाय."